दोन अजगर आणि एक नातू

माणसावर कोणत्या वयात कसला निवाडा करण्याची पाळी येईल, याचा नेम नाही. पस्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. तेवढ्या काळात कोणी कोणाची कंपासपेटी लांबवली इथपासून कोणाला वरच्या वर्गात घालावे इथपर्यंत पुष्कळ निवाडे केले. घरात लेकीसाठी आलेल्या दोन स्थळांपैकी एक निवडले, तेव्हा तर तीन रात्री झोप नव्हती. पण वयाच्या शहात्तराव्या वर्षी, सातासमुद्रापलीकडे, दोन अजगरांपैकी घरात कोणता आणावा याचा कौल मला द्यावा लागेल, असे एखाद्या ज्योतिष्याने सांगितले असते, तर मी त्याला दिलेली दक्षिणा परत मागितली असती!

पण तसे झाले खरे. सन 2024 च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता चिरंजीवांकडे ब्रिस्बेनला गेलो. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे उन्हाचा चटका आणि दिवाळीची साफसफाई. तिकडे मात्र तो ऐन वसंत. रस्तोरस्ती जॅकरंडाची झाडे पानांचे नावही न घेता जांभळ्या फुलांनी डवरलेली, खाली फुटपाथवर त्याच रंगाचा सडा. शहराच्या मधून ब्रिस्बेन नदी अशी वेडीवाकडी वळणे घेत जाते, की एकाच नदीला आपण दिवसातून चार वेळा ओलांडतो आणि दर वेळी ती निराळी नदी वाटते. तिच्यातून होड्यांची नित्याची वाहतूक चालते. ऑफिसला जाणारी माणसे सकाळी डबा सावरत होडीत चढताना पाहून मला उगाच आपली डोंबिवलीची लोकल आठवली. फरक एवढाच, की इथे बसायला जागा होती!

चिरंजीवांचे घर जुन्या पद्धतीचे. लाकडी, जमिनीपासून पुरुषभर उंच खांबांवर उभे, पुढे ऐसपैस व्हरांडा आणि वर पन्हळी पत्र्याचे छप्पर. त्या मुलखाच्या नावावरून अशा घराला ‘क्वीन्सलँडर’ म्हणतात. खालून वारा खेळतो, त्यामुळे उन्हाळा सुसह्य होतो. पहिल्याच रात्री आम्ही अंथरुणाला पाठ टेकली आणि डोक्यावर, छताच्या फळ्यांमागे, कोणीतरी जड गोणपाट सावकाश ओढत नेत असल्यासारखा आवाज झाला. ही ताडकन उठून बसली. सकाळी सूनबाईला विचारले, तर ती चहा गाळता गाळता म्हणाली, “काही नाही हो आई, छपरात कार्पेट आहे.”

“छपरात गालिचा कशाला ठेवतात गं?” हिने भाबडेपणाने विचारले.

मग उलगडा झाला. कार्पेट म्हणजे कार्पेट पायथन. अंगावरची नक्षी गालिच्यासारखी, म्हणून हे नाव. ब्रिस्बेनच्या जुन्या घरांत हा पाहुणा काही नवलाचा नाही. उंदीर, घुशी, पॉसम नावाचे मांजराएवढे निशाचर प्राणी यांवर तो गुजराण करतो आणि विषारी मुळीच नसतो. थंडी सरली, की वसंतात तो हिंडू-फिरू लागतो. अगदीच अडचण झाली तर परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवायचे. तो त्याला उचलून जवळपासच्याच झाडीत सोडतो. मारण्याची बात नाही. तिथले साप 1992 च्या निसर्गरक्षणाच्या कायद्याने संरक्षित आहेत. शेजारच्या म्हाताऱ्या बाई तर आपल्या छपरातल्या सापाची चौकशी भाडेकरूच्या चौकशीसारखी करीत. हिने मात्र त्या दिवसापासून रात्री रामरक्षा दोनदा म्हणायला सुरुवात केली. एकदा आमच्यासाठी, एकदा वरच्याला खाली न येण्याची बुद्धी व्हावी म्हणून!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमचा नातू बारा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी आई-बापांबरोबर पुण्याहून तिकडे गेला आणि तेव्हापासून मुका झाला म्हटले तरी चालेल. शाळेतून यायचा, दप्तर टाकायचा, खोलीचे दार लावायचा. मित्र नाहीत. फोनवरही “बरा आहे” यापलीकडे आम्हाला काही ऐकू येत नसे. सूनबाईने एकदा रडवेल्या आवाजात हे हिला सांगितले होते. आमच्या त्या प्रवासाचे खरे कारण तेच होते, हे इथे कबूल करायला हरकत नाही. हा अबोल पोरगा एकाच विषयावर बोलत असे. तो विषय म्हणजे साप. छपरातल्या त्या आवाजापासून त्याला हा नाद लागला. वाचनालयातून पुस्तके आणून त्याने ती पाठ केली होती. आणि आता त्याला स्वतःचा अजगर पाळायचा होता.

“आपल्याकडे हा गुन्हा ठरेल, ठाऊक आहे का?” मी मास्तरी बाण्याने म्हटले. आपला अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच परिशिष्टात आहे. त्याला घरात ठेवणे दूरच, त्रास देणेही महागात पडते.

“ठाऊक आहे, आजोबा. इथेही कोणताही साप पाळता येत नाही,” तो म्हणाला. आणि मग त्याने मला सगळा कायदा समजावून सांगितला. परदेशी साप पाळायला ऑस्ट्रेलियात सक्त मनाई. इथले देशी साप पाळता येतात, पण सरकारी परवाना घेऊन. रानातला साप पकडून आणायचा नाही. परवाना असलेल्या पालकाकडे पिंजऱ्यात जन्मलेलेच पिल्लू घ्यायचे. परवाना बाबांच्या नावावर निघणार होता. त्या एका बैठकीत तो माझ्याशी जितके बोलला, तितके दोन वर्षांत मिळून बोलला नव्हता. तेव्हाच मी मनोमन त्याच्या बाजूचा झालो होतो, फक्त तसे दाखवले नाही.

आई-बापांची तत्त्वतः संमती होती. तंटा होता तो कोणता अजगर, यावर. नातवाला हवा होता कार्पेट पायथन, छपरातल्यासारखा. सूनबाईचे मत ‘चिल्ड्रन्स पायथन’ला. “नावातच आहे की, मुलांसाठी म्हणून!” ती म्हणाली. त्यावर नातवाने कपाळाला हात लावला. ते नाव मुलांवरून पडलेले नाही. जॉन जॉर्ज चिल्ड्रन नावाचे एक शास्त्रज्ञ ब्रिटिश म्युझियममध्ये प्राणिविभागाचे प्रमुख होते. त्यांच्यामागून त्या जागेवर आलेल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1842 साली या सापाचे वर्णन केले, तेव्हा आपल्या जुन्या वरिष्ठांचे नाव त्याला दिले. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाळ आडनावाच्या गृहस्थांचे नाव सापाला द्यावे आणि लोकांनी तो बाळांसाठी आहे असे समजावे, त्यातला प्रकार! मला ही हकिगत फार आवडली. सूनबाईला तेवढी आवडली नाही.

शेवटी ठरले, की आजोबांनी नातवाबरोबर जाऊन दोन्ही साप डोळ्यांनी पाहावेत आणि कौल द्यावा. ज्यांच्याकडे जायचे ते सर्पपालक गृहस्थ ब्रिस्बेनच्या उत्तरेला, कबूल्चर गावाबाहेर राहत. एका शनिवारी आजोबा आणि नातू रोमा स्ट्रीट स्टेशनवरून आगगाडीत बसलो. गाडी तासाभराची. उपनगरांची पत्र्याची छपरे मागे पडली, पाईन नदीवरचा पूल गेला आणि दोन्ही बाजूंना निलगिरीची उंच, साली सोललेली झाडे दिसू लागली. नातू खिडकीशी बसला होता. एकाएकी म्हणाला, “आजोबा, कबूल्चर म्हणजे काय, माहीत आहे? तिथल्या मूळच्या लोकांच्या भाषेत कार्पेट सापाला ‘कबूल’ म्हणतात. कबूल्चर म्हणजे कार्पेट सापांची जागा.”

मी थक्क झालो. गोऱ्या माणसाच्या गालिच्यांशी ज्याचा संबंध नव्हता, त्या काळापासून या सापाला इथे नाव होते, गाव होता. आणि नाव तरी कसे? ‘कबूल’! मी म्हटले, “मग तर बरेच झाले. ज्याला घरी न्यायचे, त्याला आधी सगळ्या अटी कबूल करायला हव्यात. त्याला नव्हे, तुला.” पोरगा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

गृहस्थ आम्हाला न्यायला स्टेशनवर आले होते. साठीचे, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. त्यांच्या अंगणातून उत्तरेला ग्लास हाऊस डोंगरांची सुळक्यांसारखी टोके दिसत होती. 1770 साली कॅप्टन कुकने समुद्रातून ती पाहिली आणि त्याला विलायतेतल्या काचेच्या भट्ट्या आठवल्या, म्हणून हे नाव. मला मात्र ती पाहून मनमाडजवळची अंगठी-थम्सअपची डोंगरटोके आठवली. प्रत्येक प्रवासी आपापल्या गावचे डोंगर बरोबर घेऊन हिंडतो, दुसरे काय!

आधी त्यांनी चिल्ड्रन्स पायथन दाखवला. पूर्ण वाढलेला, तरी लांबी जेमतेम एक मीटर. जाडी माझ्या अंगठ्याहून थोडी अधिक. रंग साधा, भाजलेल्या विटेसारखा तपकिरी. मी मनात म्हटले, हा तर आपल्या अंगणातल्या कुठल्याही साध्या सापासारखा. एवढ्यात गृहस्थांनी त्याला दारातल्या उन्हात धरले आणि त्याच्या अंगावरून मोरपिसासारखी निळी-जांभळी झाक सरकत गेली. हा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या खडकाळ मुलखाचा. तिकडे गुहांच्या तोंडाशी लटकून अंधारात उडती वटवाघळे टिपतो म्हणे! हातावर मात्र तो जानव्याच्या जोडासारखा निवांत पडून राहिला.

मग कार्पेटची पाळी. पूर्ण वाढलेली मादी सव्वादोन मीटरची. तिला उचलायला गृहस्थांना दोन्ही हात लागले. ऑलिव्ह-तपकिरी अंगावर फिकट ठिपके, त्यांना काळी किनार. खरोखरच जुन्या वाड्यातल्या बैठकीचा गालिचा जिवंत होऊन चालू लागावा, तसा. तिने खांद्यावरून मान उंचावून मला न्याहाळले. तिच्या ओठांच्या कडेने लहान लहान खाचा होत्या. त्यांनी तिला अंधारात उबदार देहाची चाहूल लागते. रूपात, रुबाबात तुलनाच नव्हती. नातवाचे डोळे तिच्यावरून हलेनात. आणि खरे सांगतो, माझेही हलेनात.

गृहस्थांनी कार्पेटचे एक पिल्लू नातवाच्या हातात दिले. वीतदीड वीत लांबीचे ते कार्टे वळले आणि त्याने तडक पोराच्या बोटाला दात लावले! मी ओरडणार, इतक्यात गृहस्थ शांतपणे म्हणाले, “हात ओढू नकोस. दात मागे वळलेले असतात. ओढलास तर जास्त लागेल.” नातवाने हात ओढला नाही. पिल्लाने आपणहून सोडले. बोटावर रक्ताचे चार ठिपके. “पिल्लू असताना कार्पेट बरेचदा चिडखोर असतात,” गृहस्थ म्हणाले, “हाताळत राहिले की पुष्कळसे निवळतात.” नातवाने हात धुतले. साप हाताळल्यावर हात साबणाने धुवायचेच, नाहीतर पोटाचे दुखणे यायचे, हा त्यांचा पहिला नियम.

बाकीचे नियम मी शाळामास्तराच्या सवयीने वहीत टिपले. लहान्याला तीन फूट लांबीची पेटी पुरते. थोरल्याला त्याहून पुष्कळ मोठी, उंच आणि चढायला फांद्या असलेली. दोघांनाही पेटीच्या एका टोकाला ऊब हवी, दुसरे टोक थंड. ऊब मोजूनमापून देणारे यंत्र हवे. लपायला जागा हवी, पाण्याचे भांडे हवे आणि झाकणाला कुलूप हवे, कारण डोके शिरेल तिथून साप निसटतो. लहान्याला आठ-पंधरा दिवसांनी एक उंदीर. थोरल्याला मोठा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी मोठी घूस. दोन्ही गोठवलेले विकत मिळतात. ते वितळवून, कोमट करून द्यायचे. जेवल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळे होतात, तेव्हाही त्रास द्यायचा नाही.

“दूध?” मी विचारले. नागपंचमीचा संस्कार, जाईल कुठे!

“साप दूध पीत नाही,” गृहस्थ आणि नातू एकदमच म्हणाले.

मग गृहस्थ खुर्चीत बसले आणि त्यांनी नातवाला एकच प्रश्न विचारला. “हे दोन्ही साप नीट सांभाळले तर वीस वर्षे, कधी त्याहून अधिक जगतात. तू आत्ता बारा वर्षांचा. तू बत्तीस वर्षांचा होशील तेव्हा हा कुठे असेल?”

खोलीत शांतता पसरली. मी गणिताचा मास्तर. माझ्या मनात दुसरीच बेरीज झाली. शहात्तर आणि वीस. उत्तर कोणाला सांगण्यासारखे नव्हते. या पोराच्या आयुष्यात आज जो प्राणी येईल, तो बहुधा माझ्याहून जास्त काळ त्याच्या सोबतीला असणार होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा कौल मी देणारा कोण?

परतीच्या गाडीत नातू पुन्हा गप्प झाला. मला वाटले, पुन्हा दार लागले. म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगितली. ती मी आजवर हिलादेखील सांगितली नव्हती.

1958 साल. मी दहा वर्षांचा. राजापूर तालुक्यातले आमचे घर. पावसाळ्यात एका पहाटे गोठ्यात अजगर सापडला. रात्री त्याने कोंबडी गिळली होती. पोट फुगलेले, त्याला धड हलताही येईना. गडीमाणसे काठ्या, कोयते घेऊन धावली. माझ्याही हातात कोणीतरी काठी दिली. मीही मारली. एकदा नव्हे, पुष्कळदा. तो फणा काढत नव्हता, अंगावर येत नव्हता. फक्त गोठ्याच्या कोपऱ्याकडे सरकू पाहत होता. मेल्यावर तो नऊ फूट भरला. मला सगळ्यांनी शाबासकी दिली. ‘अज’ म्हणजे बकरी, ती गिळतो तो अजगर, हा शब्दार्थ वडिलांनी त्याच दिवशी मला शिकवला. त्या वर्षी कणगीत उंदीर फार माजले. दोन्ही गोष्टींचा संबंध कोणी जोडला नाही. माझ्या मात्र कधी कधी स्वप्नात अजून तो कोपरा येतो.

नातू ऐकत होता. त्याने मला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळाने आपल्या बोटावरच्या चार ठिपक्यांकडे पाहत म्हणाला, “तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ना, आजोबा, की तो विषारी नाही म्हणून.”

“नव्हतं रे.”

“मग ठीक.” आणि पाईन नदीचा पूल पुन्हा आला, तेव्हा तो म्हणाला, “मोठा मला आवडतो. पण लहान मला झेपेल. मी कॉलेजला दुसऱ्या गावी गेलो, तर त्याची पेटी मी नेऊ शकेन. मोठ्याची नाही नेता येणार. मग तो आईवर पडेल. आणि मोठा तर आपल्या छपरात आहेच. त्याला माझी गरज नाही.”

कौल देण्याची माझी जबाबदारी अशी आपोआप उतरली. मी आयुष्यात पुष्कळ मुलांना उत्तरे बरोबर आल्याबद्दल पैकीच्या पैकी गुण दिले. पण रीतसुद्धा इतकी बरोबर क्वचितच पाहिली. ‘आवडते’ आणि ‘झेपते’ यांतला फरक कळायला काहींना दोन संसार लागतात! पाळीव प्राणी निवडताना आपण प्राण्याची पारख करतो असे वाटते. खरे म्हणजे आपल्याच पुढच्या वीस वर्षांची पारख करीत असतो.

घरी एक शेवटचा अडसर होता, तो म्हणजे फ्रीज. आमचे घर शाकाहारी. हिची एकादशी, चतुर्थी चुकत नाही. बर्फातले उंदीर श्रीखंडाच्या शेजारी बसणार, ही कल्पनाच हिला सोसवेना. दोन दिवस वाटाघाटी झाल्या. अखेर घराखालच्या मोकळ्या जागेत एक जुना छोटा फ्रीज आला आणि त्यावर नातवाने मराठीत चिठ्ठी चिकटवली, “आजी, हा उघडू नकोस.” परदेशी गेल्यापासून त्याने स्वतःहून मराठीत लिहिलेली ती पहिली ओळ. हिने ती चिठ्ठी फार वेळ वाचली.

परवाना आला, पेटी तयार झाली, ऊब आठवडाभर मोजून पाहिली आणि मगच चिल्ड्रन्स पायथनचे पिल्लू घरी आले. पेन्सिलीएवढे जाड, अंगावर गडद ठिपके. मोठे होता होता ते पुसट होतात. शनिवारी शाळेतली दोन मुले ते पाहायला आली. पुढच्या शनिवारी चार आली. खोलीचे दार उघडे राहू लागले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्हरांड्यात पणत्या लावल्या, खाली जॅकरंडाचा सडा होताच. हिने फराळाचे ताट त्या चार गोऱ्या, सावळ्या पोरांपुढे ठेवले. चकली तोडताना त्यांतला एक म्हणाला, हा तर वेटोळे घातलेला साप! हिने आधी डोळे वटारले आणि मग पदर तोंडाला लावून हसली.

आता आम्ही पुण्यात आहोत. दर रविवारी व्हिडिओवर बोलतो. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले, की तिकडे साडेसात होतात, जेवणाची वेळ. पडद्यावर नातू दिसला रे दिसला, की हिचा पहिला प्रश्न ठरलेला. “जेवला का रे?”

आणि नातूही दर वेळी विचारतो, “कोण आजी? मी, की तो?”